कमानीखाली गेलेला स्पास

स्पास दोब्रेव मेला नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. रुसे गावात अजूनही अशी माणसं आहेत, की त्याचं नाव काढलं की डोक्यावरची टोपी काढतात आणि मग सांगणाऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागतं. तर तो मेला नव्हता. तो फक्त शर्यतीत शेवटचा आला होता. या दोन गोष्टींत नेमका फरक काय, असं त्याला स्वतःलाही त्या उन्हाळ्यात बरेच दिवस वाटत होतं, पण तो त्याचा स्वभाव. आधीच काळजीखोर माणूस.

शर्यत मे महिन्यातली, डॅन्यूबच्या काठानं दहा किलोमीटर. स्पास पाणीपुरवठ्याच्या कचेरीत खिडकीमागं बसून मीटरच्या तक्रारी ऐकायचा. वय चोपन्न, पोट बेताचं, गुडघे बरे. सगळा हिवाळा कानटोपी घालून त्यानं सराव केला होता. आता सराव केलेल्या माणसानं शेवटचं येऊ नये असा काही कायदा नाही, आणि कुणीतरी शेवटचं यावंच लागतं. पण त्या दिवशी बाकीचे सगळे फारच जोरात पळाले, असं त्याचं अजून म्हणणं आहे.

शेवटच्या माणसाच्या मागून अँब्युलन्स चालते. चालते म्हणजे अक्षरशः चालते, पहिल्या गिअरमध्ये, घुर्र घुर्र करत. चालक मोठा सज्जन. थोड्या थोड्या वेळानं काच खाली करून विचारायचा, "काका, बसता का?" पहिल्यांदा स्पासनं हसून हात हलवला. नंतर नुसताच हात हलवला. मग हात हलवायचंही त्राण उरलं नाही, तेव्हा चालक जास्तच प्रेमानं विचारायला लागला. काठावर मासे धरत बसलेली माणसं गळ सोडून उभी राहून बघत होती. पाठीमागची ती घुरघुर स्पासच्या डोक्यात जी बसली, ती बसलीच.

तो पोचला तेव्हा शेवटच्या रेषेवर खुर्च्या आवरणं चाललं होतं. तिथं हवा भरलेली मोठी लाल कमान होती, आणि तिच्या पंख्याचं बटण कुणीतरी नुकतंच बंद केलं होतं. स्पास कमानीखाली आला आणि कमान खाली बसली. सगळी, त्याच्या अंगावर. ध्वनिक्षेपकावरची बाई म्हणत होती, "आणि हे आले आपले शेवटचे स्पर्धक, स्पास दोब्रेव... अगंबाई, गेले कुठं?" बऱ्याच वेळानं कापडाच्या घडीतून आधी एक हात बाहेर आला, मग चष्मा, आणि मग स्पास. तोवर बाईनं ध्वनिक्षेपक बंद केला होता, त्यामुळं तो बाहेर आल्याचं कुणी जाहीर केलंच नाही. मोठ्यांची पदकं संपली होती म्हणून त्याला लहान मुलांच्या शर्यतीतलं दिलं. त्यावर साळिंदराचं चित्र होतं. साळिंदर हसत होतं.

घरी येऊन त्यानं बूट बाल्कनीत टाकले आणि बायकोला, पावलीनाला म्हणाला, "संपलं. आता नाव काढू नकोस."

"मी कधी काढलं होतं?" पावलीना म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी त्या बुटांत कपड्यांचे चिमटे ठेवायला लागली.

पण गोष्ट इतक्यावर संपती तर काय हवं होतं! खरी अडचण होती देनित्सा. देनित्सा म्हणजे त्याची एकुलती एक लेक, जर्मनीत एका इस्पितळात नर्स. ती तिकडं गेली तेव्हा पहिली दोन वर्षं बापलेकीचं फोनवरचं बोलणं म्हणजे 'जेवलीस का' आणि 'तिकडं पाऊस आहे का' एवढंच. जेवली असेल आणि पाऊस नसेल तर फोन पावलीनाकडं. मग एकदा सुट्टीत आली असताना तिनं बापाला बूट घेऊन दिले. तेव्हापासून दर रविवारी दोघं तासभर बोलायचे. आज किती पळालात, कुठला गुडघा दुखतोय, मोजे कसले घालता. स्पासला जगातलं दुसरं काही सांगता येत नसे, पण मोज्यांवर तो लेकीशी मनापासून बोले. आता धावणं सुटलं असं सांगितलं तर बोलणं पुन्हा पावसापाण्यावर येणार.

म्हणून त्यानं सांगितलंच नाही. कमानीबद्दलही नाही. "छान झाली शर्यत," एवढंच.

"मग आता सराव?"

"चालूये की."

"बाबा, आवाजावरून तर तुम्ही खुर्चीत बसल्यासारखे वाटताय."

झालं! पुढच्या रविवारपासून फोन वाजला की स्पास स्वयंपाकघरात उभा राहून जागच्या जागी पाय आपटायला लागला. सपाता घालून धप धप धप, तोंडानं हाऽ हाऽ. "बोल गं, आत्ताच नदीवरून येतोय." पावलीना शेजारी मिरच्या निवडत बसलेली असे. ती नुसती असं बघायची की स्पास भिंतीकडं तोंड करून धावायला लागला.

जुलैत देनित्सा म्हणाली, "बाबा, सप्टेंबरच्या शर्यतीला मी येतेय. दोघांची नावं घातलीत मी. शेजारी शेजारी पळू."

स्पासचे पाय थांबले. तोंड मात्र सवयीनं हाऽ हाऽ करत राहिलं.

त्या रात्री त्याला झोप नाही. सकाळी चिमटे काढून बूट घातले, खाली उतरला, कोपऱ्यापर्यंत पळाला. कोपऱ्यावर कचऱ्याची गाडी पहिल्या गिअरमध्ये मागून आली, घुर्र घुर्र. वळला आणि घरी. दुसऱ्या दिवशी तेच, फक्त गाडी पाववाल्याची. तिसऱ्या दिवशी तो दारातूनच परत फिरला, कारण लांब कुठंतरी गाडी सुरू झाल्यासारखी वाटली. "माझ्यानं व्हायचं नाही," तो पावलीनाला म्हणाला. "पोर येईल आणि तिच्यासमोर मी त्या गाडीत बसून येईन." ती पहिल्यांदाच हसली नाही.

त्यानंतरच्या रविवारी दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरचे गेर्गिनकाका. गेर्गिनकाका म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर आणि आमच्या जिन्याचे व्यवस्थापक. दिवा गेला, पायरी फुटली, कुणी सायकल आडवी लावली, की काकांचा छापील कागद जिन्याच्या दारावर लागलाच म्हणून समजा.

"स्पास, माझ्या डोक्यावर दर रविवारी घोडा नाचतो. आजही नाचला. झुंबर हललं."

स्पासचा एक पाय अजून हवेत होता. खोटं बोलायची ताकद नव्हती, त्यानं सगळं सांगून टाकलं. अँब्युलन्स, कमान, देनित्सा, सगळं. काका गंभीर झाले. रेल्वेत तीस वर्षं काढलेला माणूस गंभीर झाला की काहीतरी हलतंच.

"तुझी गाडी यार्डात अडकलीये," काका म्हणाले. "ढकलायला माणसं लागतात. बघतो मी."

"काका, नको! कुणाला सांगू नका!"

"छे छे, सांगतो कशाला?"

संध्याकाळपर्यंत दारापुढच्या बाकावर सगळ्यांना कळलं होतं. तळमजल्यावरच्या त्सोना मावशींनी निकालच दिला, "घाम आणि वारा. घामावर वारा लागला की माणूस संपला. माझा दीर असाच गेला." मावशींचा दीर दरवेळी वेगळ्या कारणानं जातो, पण ते असो. गावातली एकही अंत्ययात्रा मावशींनी चुकवलेली नाही, त्यामुळं अशा बाबतीत त्यांच्यापुढं कुणी बोलत नाही. त्यांनी गुडघ्यांना राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, चोळायला सांगितली. तिसऱ्या मजल्यावरच्यानं राकिया प्यायला सांगितली. स्पासनं दोन्ही करून पाहिलं आणि लवकर झोपला.

आणि इकडं गेर्गिनकाका कामाला लागले. त्यांचं म्हणणं, माणूस लाजेपायी पळतो. सगळ्या गावाला कळलं की हा पळणार आहे, तर पळाल्याशिवाय जातो कुठं? त्यांनी एक कागद तयार केला. यंत्रात रंगीत शाई नव्हती, काळी होती. फोटो जिन्याच्या कपाटातल्या रहिवाशांच्या नोंदवहीतला, पासपोर्टवाला, ज्यात स्पास सरळ समोर बघतोय. कागद उठून दिसावा म्हणून भोवती जाड काळी चौकट. मजकूर काकांचा स्वतःचा:

'स्पास दोब्रेव. तीन महिने झाले, आपला स्पास आपल्यात धावत नाही. त्याच्या पावलांचा आवाज अजून आमच्या कानी येतो. शेवटच्या शर्यतीत तो पडला, पण आमच्या मनातून उतरला नाही. सप्टेंबरच्या शर्यतीला सर्वांनी नदीकाठी जमावं. शेजारी.'

एकूण एक अक्षर खरं होतं, हेच तर दुर्दैव! पावलांचा आवाज तर काकांच्या झुंबराला विचारा. पण आमच्या मुलखात फोटो आणि काळी चौकट असलेला कागद दारावर, खांबावर, झाडावर लागतो तो एकाच कारणानं. माणूस गेला की लागतो, मग चाळिसाव्या दिवशी, मग काही महिन्यांनी, मग वर्षानं. आमचे विजेचे खांब हयात माणसांचे फोटो बघतच नाहीत. काकांना हे ठाऊक नव्हतं असं थोडंच? पण आपण स्वतः लिहिलेल्या मजकुराच्या प्रेमात पडलेल्या माणसाला चौकट दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी स्पास कचेरीत खिडकीमागं बसलेला. एक गृहस्थ वाकून म्हणाले, "दोब्रेव गेले ना हो! माझी मीटरची तक्रार आता कोण बघणार?"

"मीच बघणार."

"बरं झालं. ते फार सावकाश बघायचे."

याचा अर्थ काय, यावर विचार करत स्पास घरी आला, बनियनवर बसला, तेवढ्यात दार वाजलं. पावलीनानं उघडलं. दारात त्सोना मावशी, काळा रुमाल, एका हातात मेलेल्याच्या नावानं वाटायच्या, साखर आणि अक्रोड घातलेल्या उकडलेल्या गव्हाचं भांडं, दुसऱ्या हातात चार कार्नेशन.

"पोरी," मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "तीन महिने झाले, आणि मला कुणी सांगितलंही नाही? मी याच जिन्यात राहते गं! परवाच तर त्याला राकिया चोळायला सांगितली."

"कुणाला सांगितलं नाही? काय सांगितलं नाही?" आतून आवाज आला, आणि स्पास बाहेर आला.

दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. मावशी किंचाळल्या नाहीत, चिडल्या. "तू जिवंत आहेस?"

"हो, म्हणजे... मला वाटतं आहे."

"मग हे गहू मी कुणासाठी शिजवले? सकाळपासून गॅससमोर उभी आहे!" त्यांनी भांडं टेबलावर आदळलं. मग हातातल्या फुलांकडं बघितलं, आणि त्यातलं एक उपसून स्वतःच्या पिशवीत टाकलं. उरलेली तीन पावलीनाच्या हातात दिली. मेलेल्याला फुलं जोडीनं द्यायची, दोन, चार, सहा; जित्याला विषम, एक, तीन, पाच. त्सोना मावशी असल्या बाबतीत चूक करत नाहीत.

मग दारावरच्या आणि खांबांवरच्या कागदाचं मावशींनीच त्याला सांगितलं. गहू उत्तम झाले होते. स्पासनं दोनदा घेतले. दुसऱ्यांदा घेताना त्याला आठवलं, की देनित्सा स्टेशनवरून घरी येणार ती याच खांबांच्या रस्त्यानं, आणि चमचा तसाच टाकून तो खाली गेर्गिनकाकांकडं गेला.

"काका, कागद किती लावलेत?"

"पुष्कळ!" गेर्गिनकाका अभिमानानं म्हणाले. "स्टेशन, बाजार, नदीपर्यंत. आणि डिंक माझा जुन्या साठ्यातला आहे. मरेपर्यंत सुटायचा नाही."

"पण कुठं कुठं लावलेत?"

काकांनी छताकडं बघितलं. "आता सगळं कसं आठवणार?"

मग सुरू झालं ते. दिवसाउजेडी गर्दीत स्वतःचा मृत्युलेख खरवडत बसायची स्पासची छाती नव्हती. म्हणून तो पहाटे, पावलीनाची पीठ खरवडायची पट्टी घेऊन निघायचा. पहिल्याच खांबाशी एक म्हातारा पावाची पिशवी घेऊन आला. "मेलेल्या माणसाचा कागद फाडतोस? तुला आईबाप आहेत की नाही? तो ऊनपावसानं आपोआप जायचा असतो!"

"आजोबा, तो मीच आहे. हे बघा, तोच चष्मा."

म्हाताऱ्यानं फोटोकडं बघितलं, स्पासकडं बघितलं. "छट्! तो चांगला दिसतोय." आणि काठी उगारली.

स्पास पळाला. मे महिन्यानंतर पहिल्यांदा तो खरोखर पळाला. पुढच्या खांबाशी थांबला, खर्रखर्र निम्मा चेहरा काढला, मागून काठीचा आवाज आला, पुन्हा पळाला. कचऱ्याची गाडी शेजारून घुर्र घुर्र करत गेली. तिच्याकडं लक्ष द्यायला वेळ कुणाला होता?

असं रोज. बाजारातल्या झाडावर एक, थिएटरमागं दोन, शाळेच्या फाटकावर तर चक्क शिक्षकांच्या यादीशेजारी. कुणी ओळखीचं दिसलं की दुसरीकडं पळ, कुणी क्रॉसची खूण केली की तिसरीकडं पळ. डिंक खरोखरच अमर होता. कपाळ निघायचं, हनुवटी राहायची. हनुवटीसाठी पुन्हा दुसऱ्या दिवशी जायला लागायचं. ऑगस्टच्या शेवटी एकदा तो नदीपर्यंत गेला. काठावर एकच कागद सापडला, तोही वाऱ्यानं निम्मा सुटलेला. तो काढून खिशात घातला आणि परत निघाला. घराशी आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण कुठंच थांबलो नाही. पायरीवर बसून तो घाम पुसत राहिला. खिडकीतून त्सोना मावशी ओरडल्या, "वारा लागेल, वारा! आत हो!"

देनित्सा आली. स्टेशनपासून घरापर्यंतचे खांब कोरे होते, कुठं कुठं एखादा कान राहिला होता, पण कानावरून कोण ओळखतं? ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बारीक झालात!" स्पासचा जीव भांड्यात पडला. पण पुरता नाही. चार महिन्यांचं खोटं अजून पोटात होतं आणि ते सांगायला त्याला तोंड सापडत नव्हतं.

शर्यतीच्या सकाळी दोघं शेवटच्या ओळीत उभी राहिली. तीच लाल कमान. तीच अँब्युलन्स मागं उभी. ध्वनिक्षेपकावर तीच बाई आली, पण आज आवाज दाटलेला.

"मित्रहो, निघण्याआधी एक दुःखाची गोष्ट. मे महिन्यात आपल्याबरोबर धावलेला एक माणूस आज आपल्यात नाही. तो आपल्या डोळ्यांसमोर या कमानीखाली गेला. आम्ही तेव्हा पाहूनही... असो. त्याच्या शेजाऱ्यांच्या इच्छेप्रमाणे आपण एक मिनिट स्तब्ध उभे राहू."

पाचशे माणसांनी टोप्या काढल्या. अँब्युलन्सच्या चालकानंही काढली. आता इथं स्पासनं काय करायला हवं होतं ते घरी बसून सांगणारे पुष्कळ भेटतात. 'हात वर करायचा, ओरडायचं.' पण पाचशे माणसं आपल्यासाठी मान खाली घालून उभी असताना मध्येच ओरडणं त्याला बरं दिसेना. त्यानंही टोपी काढली आणि मान खाली घातली.

देनित्सा कुजबुजली, "बाबा, कोण गेलं?"

"मी."

"काय?"

"मी गेलो." आणि त्या एका मिनिटात, ओठ न हलवता, त्यानं सगळं सांगितलं. कमान, साळिंदर, बुटातले चिमटे, रविवारच्या सपाता, चौकट, डिंक. "तू विचारायचीस, मी नाही म्हणालो असतो तर मग आपण काय बोललो असतो? पुन्हा पाऊसच ना! म्हणून जागच्या जागी पळायचो गं, भिंतीकडं तोंड करून."

देनित्साचे खांदे हलायला लागले. पुढचा माणूस वळून हळू आवाजात म्हणाला, "जवळचे होते का?" तिनं मान डोलावली, तोंडावर टोपी दाबली आणि बापाचा हात घट्ट धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यातलं हसण्याचं किती आणि कशाचं किती, हे स्पासनं विचारलं नाही.

शिट्टी झाली. सगळे सुटले आणि थोड्याच वेळात, व्हायचं तेच झालं. पुढं पाठी दिसेनाशा झाल्या आणि मागून आवाज आला. घुर्र घुर्र. काच खाली झाली.

"काका, बस..." चालकाचा शब्द तोंडातच राहिला. गाडी गचका खाऊन बंद पडली. "काका! अहो, तुम्ही तर..."

स्पास त्याच्याकडं बघत राहिला. आणि एकाएकी त्याच्या मनात आलं, अरे, व्हायचं ते सगळं होऊन गेलंय की! शेवटचा येऊन झालं, अंगावर कमान पडून झाली, मरून झालं, गहू खाऊन झाले. आता भ्यायचं कशाला?

"गेलेल्याला कुठं नेतोस बाबा?" तो म्हणाला. "ये सावकाश मागनं."

"चला, बाबा," देनित्सा म्हणाली. "आणि हे मोजे कसले घातलेत?" मग नदीकाठानं शेवटपर्यंत दोघं मोज्यांवर बोलत राहिली.

तो शेवटचाच आला. देनित्सा त्याच्याआधी एक पाऊल आली, तेही त्यानंच ढकललं म्हणून. खुर्च्या आवरून झाल्या होत्या, बाई गेल्या होत्या, पण कमान ताठ उभी होती. पंख्याच्या बटणावर हात पसरून गेर्गिनकाका उभे होते आणि दोन धट्टीकट्टी माणसं त्यांची समजूत घालत होती. "शेवटची गाडी आल्याशिवाय सिग्नल पडायचा नाही!" काका ओरडत होते. "मी असा स्टेशनमास्तर नाही!"

स्पास कमानीखालून उभ्याचा उभा बाहेर आला. पलीकडं पावलीना होती, आणि तिच्या शेजारी काळा रुमाल बांधून त्सोना मावशी. मावशींच्या हातात फुलं होती. स्पासनं धापा टाकत मोजली. चार.

"मावशी!"

"थांब रे जरा," मावशी म्हणाल्या. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं, मागं थांबलेल्या अँब्युलन्सकडं बघितलं, आणि मग पिशवीत हात घालून पाचवं फूल काढलं. "हे वेगळं ठेवलं होतं. म्हटलं, आधी बघू तरी कसा येतोस ते."